शेवटचं टिंब

सक्करदरा चौक, झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला.
मे महिना. कूलरमधलं पाणी संपलंय,
तो नुसती गरम हवा फेकून राहिला.
बारा जणांत बाई मी एकटी,
वयानं बारापात्रे सरांच्या बरोबरीची.

सर म्हणतात, "आकडे मशीनच्या लक्षात राहतात,
माणसाले नाव लागते.
मधात कोणीतरी पत्ता सांगणारा पाहिजे ना बाप्पा,
तोच हा सर्व्हर."
आणि त्यालाही ठाऊक नसलं तर तो वर विचारतो,
वरचा म्हणतो, मला माहीत नाही,
पण ज्याला माहीत आहे त्याचं दार दाखवतो.
इतवारीत मी असंच एकदा बॉबिनचं दुकान शोधलं होतं.
तिघं म्हणाले, पुढं विचारा.
चौथा तोच दुकानदार निघाला.

नाव उजवीकडून डावीकडं वाचायचं.
अगदी उजव्या टोकाला एक टिंब असतं.
बोलताना कोणी उच्चारत नाही,
नोंदवहीत मात्र विसरायचं नाही.

मग टोपणनावाची नोंद:
नावं दोन, पत्ता एक.
सर फळ्यावर बाण काढत होते आणि मला
ताट दिसलं, तांदळाचं,
त्यात अंगठीनं लिहिलेलं श्रावणी.
कुमुद कुठं लिहिलेलंच नव्हतं,
त्यामुळं पुसावंही लागलं नाही.
दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला.
मीच टाकला.

गॅसच्या पुस्तकावर श्रावणी हेडाऊ,
दहावीच्या सर्टिफिकेटवर कुमुद कमलाकर पराते,
दोघींच्या मधात शंभराच्या स्टँपवरचं एक शपथपत्र.
या क्लासच्या फॉर्मलाही त्याची झेरॉक्स जोडली,
खालच्याच दुकानात काढून.

सर सांगतात, प्रत्येक उत्तराला मुदत असते,
तोवर जुनंच खरं धरून चालतात सगळे.
आईनं एकवीस वर्षं मुदत संपू दिली नाही.
फोन उचलला की, "कुमुद, जेवली का व?"

दुपारून फाइली वाटायचं काम.
कोण नुसतं वाचेल, कोण लिहील, कोण पुसूही शकेल.
एकाच माणसाला एका गटातून होकार
आणि दुसऱ्या गटातून नकार आला तर?
निहाल म्हणाला, होकार.
सर हसले. नकार भारी.
सगळ्यांनी लिहून घेतलं. मी पेन खाली ठेवला,
हे मला पाठ होतं.
पण सर पुढं बोलले,
"म्हणून नकार कमीच वापराचा.
रचना नीट असली तर त्याची गरजच पडत नाही."
तेवढं मी लिहिलं. दोनदा.

शेवटी परीक्षेसारखं काहीतरी:
एक बँक, उमरेडला एक शाखा, काटोलला एक.
ग्राफ पेपरवर सगळं आखून मग मशीनवर चढवायचं.
पोट्ट्यांनी सर्व्हरला नद्यांची नावं दिली,
कन्हान, पेंच, एकानं तर नाग नदीही.
मी लिहिलं कुमुद.
"कोन आहे हे कुमुद, मॅडम?" तौफिकनं वाकून विचारलं.
"स्टोअररूममधला जुना डबा. पण खातेवह्या त्याच्याचकडं आहेत."

विचारलं मशीनला, कुमुद कुठं आहे.
सापडत नाही म्हणाली.
पुन्हा विचारलं. नाही.
सर मागं येऊन उभे राहिले, चष्मा कपाळावर,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग बोट ठेवलं ओळीच्या टोकावर.
"टिंब राहिलं. शेवटचं टिंब नसलं ना,
तर हा समजते, नाव अर्धंच आहे.
मग घराण्याचं नाव आपल्या मनानं जोडून टाकते."

मी हसले बहुतेक, कारण निहालनं वळून पाहिलं.

टिंब दिलं.
चार मिलिसेकंदांत उत्तर आलं, पत्त्यासकट.

खालून झेरॉक्सवाला ओरडून राहिला होता,
गेटसमोरची स्कूटी कोणाची आहे, काढा लवकर.
माझीच होती.