पाण्याचं पान

पानावर प्रश्न एकच:
आपल्या गल्लीत पाणी कधी?
उत्तर मात्र तीन दारांआड ठेवलेलं.

पहिल्या दाराआड टाकीची पातळी, मीटरमध्ये.
दुसऱ्याआड पंपाची वीज, आहे किंवा नाही.
तिसऱ्याआड मल्लिनाथ म्हेत्रे, वॉल्व्हमन,
जो रोज पहाटे मोबाइलवरच्या फॉर्मात भरतो
कुठली गल्ली, किती वाजता.
भरतो म्हणजे, आठवलं तर.

मी दारं वाजवते, ठरलेल्या शब्दांत.
टाकी लगेच बोलते, तिला दुसरं काम नाही.
वीज जरा घुटमळते.
मल्लिनाथच्या दारापुढं
एक चकती गोल फिरत राहते.

आधी मी लिहिलं होतं: तिघं आले की मगच दाखव.
घरची शिकवण, सगळे बसल्याशिवाय ताटाला हात नाही.
नरसम्मा अक्का शेजारी सुपात विड्या वळत होती.
कोऱ्या पडद्याकडं बघत राहिली, बघत राहिली,
मग म्हणाली, "तुझं पान उपाशीच की गं."

तेव्हापासून जे येईल ते वाढते.
टाकी आली, टाकी वाढ. वीज आली, वीज.
मल्लिनाथची जागा सोडून ठेव,
शेंगाचटणी यायची असताना
मिठाशेजारी ठेवतात तेवढी.

नावांचं भांडण वेगळंच.
टाकीच्या वहीत साखर पेठ,
विजेच्या वहीत फीडर अकरा,
मल्लिनाथ लिहितो, 'बिंगींच्या मागांपासून डावीकडं'.
तिन्ही एकच गल्ली, हे मशीनला कोण सांगणार?
रात्री दीडपर्यंत बसून तक्ता केला,
लग्नात ओळख करून देतात तसा:
हे त्यांचे ते.
बिंगींचे माग चौदा वर्षांपूर्वी भंगारात गेले,
तिथं आता दहावीचे क्लास भरतात.
माझ्या तक्त्यात अजून धोटा चालूच आहे.

नळाखाली घागर सरकवताना
आई म्हणते नीळ्ळु,
वरच्या मजल्यावरच्या शिवलीलाबाई नीरु,
मी पाणी.
आमच्यात तक्ता कुणी केला, आठवत नाही.

गेल्या गुरुवारी
टाकी तीन पूर्णांक दोन, वीज आहे,
तिसरी चौकट सकाळपासून रिकामी.
मंगळवारचं उत्तर माझ्यापाशी जपलेलं होतं.
तेच दाखवायचा मोह झाला.
कुणाला कळलंही नसतं.
फक्त नरसम्मा अक्का विड्यांचे कट्टे अर्धे सोडून
शिळ्या शब्दावर नळापाशी बसून राहिली असती,
आणि अर्ध्या दिवसाची मजुरी गेली असती.
मी लिहिलं:
'मल्लिनाथकडून अजून निरोप नाही.
खालची वेळ मंगळवारची आहे.'

मग फोन लावला. माझ्या धंद्यात हे हरल्यासारखं.
तो सिव्हिलच्या जिन्यात होता,
मुलीला कळा सुरू झालेल्या.
"चावी दुसऱ्याकडं दिलीय," म्हणाला,
"त्याला ते फॉर्म जमत नाही बे.
येलालंय बघ तुमच्याकडं,
सोडलं असंल एवढ्यात."

असंल.
या शब्दासाठी मी रकाना केला नव्हता.
आहे होतं, नाही होतं, वेळ होती.
फोन कानाला, बोटं कळांवर,
काय लिहावं ठरवत होते
तेवढ्यात नळानं हवा सोडली,
दोनदा खाकरला,
आणि गल्लीभर भांडी एकदम वाजली.

पानावर चकती फिरतच होती.
तिला तशीच सोडून मी घागर उचलली.

रात्री उशिरा मल्लिनाथचा फॉर्म आला.
गल्ली: रिकामी.
वेळेच्या रकान्यात: नात, पावणेतीन किलो.
मशीननं फेटाळला, म्हणे वेळ अशी नसते.
मी तेवढी एक नोंद
तपासणीतून वगळली.