लाखात चौदा

बोट्सफ्योर्डला नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो,
जानेवारी निम्मा उलटल्याखेरीज परत येत नाही.
नेमकी त्या मधल्या काळात रागनहिल्ड सावळी होत गेली.

आधी बोटांची पेरं, मग तळहाताच्या रेषा,
कुणी पेन्सिलीने गिरवल्यासारख्या.
मासळीच्या कारखान्यातल्या बाया म्हणाल्या,
"गुपचूप कॅनरी बेटांवर जाऊन आलीस वाटतं!"
ती हसली. हसता हसता तिला बसावं लागलं.

मी त्याच कारखान्यात हिशेब लिहितो.
दोन क्रोनांची चूकही सुटत नाही माझ्या नजरेतून.
आणि हे सुटलं:
ती काकडीच्या बरणीतलं खारं पाणी उभ्याउभ्या प्यायची,
कॉडवरचं मीठ नखाने खरवडून चाटायची,
जिन्याच्या सहाव्या पायरीवर थांबून
भिंतीला कपाळ टेकायची.
दवाखान्यात म्हणाले, अंधाराचे दिवस आहेत,
थकवा सगळ्यांनाच येतो. एक दिवा दिला, जीवनसत्त्वं दिली.

मग गावात उलट्यांची साथ आली.
इतरांची दोन दिवसांत आटोपली.
तिचा रक्तदाब नर्सने तीनदा मोजला,
तिसऱ्यांदा यंत्र बदलून.
सूर्य यायचा त्याच दिवशी
पोरं टेकडीवर गोड पाव खात उभी होती
आणि आम्ही रुग्णवाहिकेच्या विमानात.

किर्केनेसची डॉक्टर यालिनी शिवपालन,
वाद्सोत वाढलेली, आमच्याच बोलीत बोलणारी.
तिने आधी तळहात पाहिले, मग ओठ उचलून हिरड्या.
म्हणाली, मूत्रपिंडांवर दोन टोप्या असतात,
अधिवृक्क ग्रंथी, चार-पाच ग्रॅमच्या.
हिच्या शरीराने आपल्याच टोप्या कुरतडल्यात.
म्हणजे, मला उमगलं ते असं:
माझ्या बायकोचं शरीर
खाल्ल्या मिठाला जागत नव्हतं.

"किती जणांना होतं?"
"लाखात चौदा."
आमचं गाव दोन हजारांचं.
मी पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला:
पाव माणूस, वर थोडा चुरा.
त्या पावात रागनहिल्ड अख्खी कशी मावली?

पलीकडच्या खाटेवर एक खलाशी,
त्याच्या ग्रंथी उधळ्या निघालेल्या:
चेहरा फुगून गोल, साखर चढलेली,
खोकताना बरगडी मोडली.
आणि गाठी? त्या तर शंभरात तिघा-चौघांना,
दुसरंच काही शोधताना सापडतात,
बहुतेक आयुष्यभर गप्प बसतात.
म्हणजे आमच्या गावात साठ-सत्तर!
परतल्यावर दुकानाच्या रांगेत
मी लोकांच्या कंबरेकडे बघत राहिलो.

आता सहाला गजर, पहिली गोळी.
ताप आला तर दुप्पट. चुकवायची कधीच नाही.
कोटाच्या खिशात सुई, मनगटावर पट्टी.
सुई टोचायला मी संत्र्यांवर शिकलो.
पहिल्या संत्र्याच्या वेळी हात असा थरथरला
की पाणी टेबलावर.
ती शेजारी बसून
माझी टोचलेली संत्री सोलत होती,
एकेका फोडीवर
चिमूटभर मीठ भुरभुरत.