शेरा

पसरणीचा घाट, अजून अर्धाही चढले नव्हते,
काटा लाल पट्टीला टेकला
आणि मी गाडी कठड्याच्या अंगाला घेतली.
खाली धोमचं पाणी, फेब्रुवारीतही ऐसपैस.
माझ्या बॉनेटखाली शिट्टी.

दस्तगीर मुलाणी फोनवर एवढंच म्हणाला,
"इंजिन बंद करा. झाकणाला हात लावू नगा.
कुनी पानी दिलं तर वतू नगा. आलोच."

आणि खरंच एकजण थांबला, पुण्याचा,
गार बाटली पुढे करून.
तापल्या लोखंडाला गार पाणी लागलं
तर ते चिरतं,
हे मी सांगेपर्यंत तो माकडांचे फोटो काढू लागला.
जाताना बाटली कठड्यावर ठेवून गेला.

एम-एटीवरून दस्तगीर आला.
डाव्या हातावर मनगट ते कोपर
गुलाबी, गुळगुळीत, बिनकेसांची पट्टी.
"सोळा वर्सांचा होतो. घाई."
मग तंबाखू मळत बसला पाऊण तास.
काही न करणं हेही मजुरीत धरलेलं असावं.

गाडी निवल्यावर वाकून पाहिलं : रस्ता कोरडा.
तेलाच्या झाकणात बोट फिरवलं, दुधाळ नाही.
"हेड शाबूत हाय."
माझ्या पायाखालचं कार्पेट हुंगलं.
पंपाखालचं भोक, रेडिएटरची जाळी,
जाळीत अडकलेला फुलपाखराचा अर्धा पंख.
ओल कुठेच नाही.
"मग जातंय कुठं?"
मला विचारलं की इंजिनाला, कळेना.

फडकं शोधताना डॅशबोर्डात वही लागली हाताला.
गाडी आधी मेणवलीच्या कणसे भाऊसाहेबांची.
निवृत्त तलाठी. सातबाराच्या सवयीने
निळ्या शाईत आखलेले रकाने :

९ नोव्हेंबर. वाई ते पाचगणी. अर्धा लिटर. तूर्त ठीक.
१७ नोव्हेंबर. वाई ते सातारा. निरंक. ठीक.
२ डिसेंबर. वाई ते पाचगणी. अर्धा लिटर. तूर्त ठीक.

फसवलं, असं म्हणणार होते मी.
पण वही सगळा वेळ तिथेच होती,
पीयूसीच्या कागदाखाली,
आणि मी दर रविवारी पाणी घालून
झाकण लावत होते.

दस्तगीरने ओठ हलवत वाचलं, बोट रकान्यावर.
"सातारला निरंक. घाट चढला की अर्धा."
पुन्हा वाचलं.
"दाब आला की सुटतंय. सपाटीला गप."
बॅटरीचा उजेड वरच्या होजवर.
क्लिपच्या आत, रबराच्या घडीत,
हिरवट मिठाची कड. नखाएवढी.
थेंब खाली पडायच्या आतच वाळत होता.

ओलं पोतं झाकणावर, तोंड बाजूला,
पाव फेरा.
फुस्स.
सगळं बोलून होऊ दिलं त्याला. मग उरलेला फेरा.
होजचं कुजकं टोक कापलं, नवी क्लिप आवळली.
अर्धं कूलंट, अर्धं बॅटरीचं पाणी :
"बोअरचं नगं, आतनं चुना धरतोय."
हीटर पूर्ण सोडून इंजिन चालू,
आणि ओतणं, लहान मुलाला औषध पाजतात तसं.
बुडबुडा येई, पातळी खचे,
पुन्हा थोडं.

चार थेंब सांडले तर कुठूनसं कुत्रं हुंगत आलं.
दस्तगीरने त्याला हाकललं,
पुणेकराची बाटली त्या डांबरावर पालथी केली.
"ईख हाय. पर ग्वाड लागतं त्याला."

पाचगणीत शाळेच्या फाटकापाशी
वही स्टिअरिंगवर ठेवली.
१२ फेब्रुवारी. वाई ते पाचगणी. दोन लिटर.
शेऱ्याच्या रकान्यात पेन अडलं.
"तूर्त" एवढंच लिहिलं
आणि घंटा होईपर्यंत
काट्याकडे बघत बसले.