नोंदणीचा शेवटचा दिवस

सियागंजातून जर्सी आल्या. अठरा.
मी वीस सांगितल्या होत्या.
दुकानदाराला फोन लावायच्या आधी
यादीतल्या दोन नावांभोवती पेन्सिल फिरवली,
फोन मग लावलाच नाही.

आमचा क्लब म्हणजे पत्र्याचं एक कपाट,
दोन किल्ल्या, एक पागनीसांकडे, एक माझ्याकडे,
आणि नारायणबागेमागचं मैदान,
जे लग्नसराईत आमचं नसतं.
पेनल्टीच्या ठिपक्यावर गेल्या आठवड्यात
हलवायाची भट्टी होती.
अजून तिथे काळं वर्तुळ आहे.

यंदाची खरेदी, असं पागनीस म्हणतात.
(खरेदी! वहीत एकूण तेरा हजार चारशे.)
महूचा गोलकीपर अनूप लाक्रा, बाप पलटणीत,
हाक मारली की हात पाठीमागे बांधून उभा राहतो.
गोलात तरी नको रे, म्हटलं.
आणि अलीराजपूरचा नानसिंग,
आडनाव डावर, पायही डावरा.
त्याचा करार त्याच्या आईशी झाला, ताडाखाली, भर उन्हात:
बसभाडं, बूट, मुळ्यांच्या खानावळीत दोन वेळचं जेवण.
आकड्यांवर ती काही बोलली नाही.
म्हणाली, याच पायांनी तो ताडी उतरवतो,
जसे नेताय तसे आणा.
फॉर्मवर मी तो रकाना शोधला. नव्हता.

दोन नावांतलं एक माझ्या पुतण्याचं.
ते सोपं गेलं. जेवताना सांगितलं;
भाजी येईपर्यंत रुसला,
आमरसाच्या दुसऱ्या वाटीला विसरला.

दुसरं, मुकुंद बोळज.
राइट बॅक, चौदा हंगाम, नंबर चार.

त्याच्यासाठी शब्द तयार होता: संघ व्यवस्थापक.
अकरा वर्षांपूर्वी पागनीसांनी तोच मला दिला होता,
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, सफरचंदांच्या पिशवीबरोबर.
त्या शब्दाच्या पोटात काय काय आहे
हे देताना कुणी सांगत नाही:
जिल्हा संघटनेचे जिने, जन्मदाखल्यांच्या झेरॉक्स,
सुशीलाबाईंच्या दोरीवर उलटे वाळणारे अकरा जण,
चुन्याची गोणी, लिंबं, रेफ्रीचं मानधन,
हरल्यावर बसमधली सगळ्यात पुढची सीट,
कारण मागे तुमच्याशी कुणी बोलणार नसतं.
आणि शिट्टी वाजली की
खुर्चीखाली तुमचाच पाय हलतो,
चेंडू दुसऱ्याकडे जातो.

संध्याकाळी तो आला. दिवसभर कितीही भाजलं
तरी रात्रीपुरता मालवा शब्द पाळतो,
हवा गार व्हायला लागली होती.
मी पंपाच्या सुईबद्दल बोललो. बराच वेळ बोललो.
त्याने विचारलं, जर्सी किती आल्या?
अठरा, म्हटलं.
बरं, म्हणाला.
चार नंबरची घडी उलगडली,
बाही ओढून शिवण तपासली,
म्हणाला, हा डावर कितव्या मापाचा?

मग नुसते बसलो.
नोंदणी संपायला चाळीस मिनिटं होती.
फॉर्मवर पागनीसांची सही, माझी सही,
आणि नानसिंगने आपलं नाव अगदी सावकाश,
रकान्याबाहेर नेत नेत लिहिलेलं,
जणू टचलाइन अजून आखायची होती.

उठताना बोळज म्हणाला,
भट्टीच्या त्या जागेला पाणी कोण घालतं?
कुणीच नाही.
माझी किल्ली त्याला द्यायची, ते राहूनच गेलं.
फॉर्म घेऊन निघालो तेव्हा
तो नळाला पाइप लावून उभा होता,
काळ्या वर्तुळावर धार धरून,
उजवा पाय जरा पुढे.

पाइपाला मध्येच भोक आहे
हे मी सांगायला हवं होतं.
पँट भिजत होती त्याची.
तो हलला नाही.