रात्रपाळीचा चार्ज

ये सेवंती. चप्पल बाहेर.
आधी हात, कोपरापर्यंत. बांगड्या काढ.
हो, काचेच्यासुद्धा. सासू काही बोलली
तर माझं नाव सांग.

एक नंबर: बेबी ऑफ कल्पना, चहार्डीचा.
काविळीच्या निळ्या उजेडात, डोळ्यांवर पट्टी बांधून
पडलाय कसा बघ,
केळीच्या बागेत दुपारचा आडवा झालेला मजूर.
आजी तासातासाला दारात येते,
"आंडोर शे ना, बाई?"
आंडोर शे, मावशी.
काल संध्याकाळपासून सहाव्यांदा आंडोर शे.
याचं रक्त नऊला पाठव.

दोन नंबर रिकामा आहे.
चादर बदलली.
तीन वाजून चाळीस मिनिटं, रजिस्टरमध्ये लिहिलंय.
तिथलं अक्षर वेगळं वाटेल, पेन तेच आहे.
त्याबद्दल चहाच्या वेळी बोलू.

तीन नंबर, काचेच्या पेटीत:
बेबी ऑफ रेलकी पावरा. मुलगी. बारावा दिवस.
बाराशे नव्वद ग्रॅम, परवापेक्षा वीस कमी.
नळीने बारा मिली, दर दोन तासांनी.
ही श्वास घ्यायचा विसरते मधूनच.
घाबरायचं नाही. तळव्याला टिचकी मारायची,
वर्गात पेंगणाऱ्या पोरीला बाकावर टकटक करतात
तेवढीच. तिला आठवतं. घेते.

आई बाहेर व्हरांड्यात.
सातपुड्यातल्या पाड्यावरून आधी झोळीत आली,
मग जीपमध्ये, मग एकशेआठमध्ये,
आणि आल्यापासून बोललेली नाही.
बाळाला छातीशी धर म्हटलं की मान हलवते.
भिंतीवरचं कांगारू दाखवलं.
त्याच्याखाली सगळं मराठीत आहे,
पिल्लू पोटाच्या पिशवीत कसं वाढतं ते.
दूध काढायला वाटी दिली, कोरडी परत आली.
डॉक्टरांनी लिहिलंय: माता सहकार्य करत नाही.
खाली सही माझी आहे.

तू ऐकत होतीस का, कळलं नाही.
हात वाळवत दाराबाहेर गेलीस,
उकिडवी बसलीस तिच्यासमोर
आणि तुमच्या बोलीत काहीतरी विचारलंस.
चार शब्द असतील.
ती बोलायला लागली, आणि थांबेचना.
मी वहीत बोट घालून उभी.

मग तू मला मराठीत सांगितलंस:
तिला वाटतं, पोर काचेत ठेवली म्हणजे गहाण ठेवली.
अंगाला लावली तर आजच सोडवावी लागेल.
बारा दिवस ती हिशेब करतेय.
घरी दोन बकऱ्या. एक गाभण.
गाभण असली तर दोन धरता का, विचारतेय.

एकोणीस वर्षं झाली, सेवंती.
जळगावला ट्रेनिंग, नाशिकला दोनदा.
केसाएवढी शीर मला लाईट गेली तरी सापडते.

रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, भर चालते.
त्या ओळीखाली मी लिहिलं:
मातेला तिच्या बोलीत आज विचारलं. वेळ आठ वीस.
तू रेलकीला खुर्चीत बसवत होतीस,
लुगड्याच्या आत, दोन्ही स्तनांच्या मध्ये
नळीसकट बाराशे नव्वद ग्रॅम,
वरून टोपी, कुणाच्या तरी जुन्या स्वेटरची.
रेलकी हलत नव्हती. पापणीसुद्धा.
हात कुठे ठेवायचे ते तिला
सांगावं लागलं नाही.

चहा राहिला.
दोन नंबरचं बोलायचं राहिलं.

अडावदच्या एसटीत शेजारी एक म्हातारा
कपाशीच्या बियाण्याची पिशवी मांडीवर घेऊन झोपलेला.
माझी नजर त्याच्या सदऱ्यावर, दुसऱ्या बटणापाशी.
वर. खाली. वर.
मिनिटाला सोळा.
मोठा माणूस. ठीक आहे.