चार बोटं

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळचे सहा.
खारघरच्या डोंगराखाली, दिव्याच्या खांबापाशी
सत्तेचाळीस माणसं, सेहेचाळीस पिवळे टी-शर्ट,
आणि प्रत्येक छातीवर प्रणित हसतोय.

फोटो आतेबहिणीच्या हळदीतला.
छापणाऱ्याने बाकी सगळं कापून टाकलं,
मांडव, कलवऱ्या, बँजोवाले, मी.
फक्त त्याच्या डाव्या खांद्यावर
चार बोटं राहून गेली.
कुणाची, ते कुणी विचारलं नाही.
माझी आहेत.
तेव्हा मी म्हणत होते,
नीट उभा राहा की रे, मेल्या.

हा शब्द आता माझ्या तोंडात येत नाही.
मांजरासाठीसुद्धा.

फी पाचशे. फॉर्मवर एक चौकट होती, नातं.
बहुतेकांनी लिहिलं, मित्र.
एकाने लिहिलं, त्याचे बाराशे देणं होतो.

आई आली नाही.
बेलपाड्यात सगळ्यांना तिने हार्ट अटॅक सांगितलाय,
आणि हार्ट अटॅकसाठी कोणी डोंगर चढत नाही.
पण पहाटे चारला उठून तिने
सत्तेचाळीस जणांच्या तांदळाच्या भाकऱ्या थापल्या,
मोजून, एकही कमी नाही.

बाबा आले, चपलेवर.
टी-शर्ट घातला नाही, पिशवीत घडी करून ठेवला.
सगळ्यांच्या पुढे चालत होते.
सिडको यायच्या आधी या उतारावर
त्यांच्या म्हशी चरायच्या,
वाट पायांना विचारावी लागत नव्हती.
दोन वर्षांत त्यांच्या तोंडून त्याच्याबद्दल
एकच वाक्य ऐकलं होतं मी, मोरीत, नळ चालू ठेवून:
बोलाचा व्हता रं, पोरा.

अर्ध्या चढावर ऐरोलीची एक बाई माझ्याबरोबर आली.
बूट नवेकोरे, टाच सोललेली.
तुमचा कोण? तिने विचारलं.
आम्ही घरात म्हणतो, तो गेला,
ते झालं तेव्हा, त्या दिवसानंतर.
पण चढावर दम लागतो,
असे लांबून वळसा घालणारे शब्द परवडत नाहीत.
भाऊ, म्हणाले. आत्महत्या.
डोंगराला काही झालं नाही.
सागाचं एक वाळलेलं पान पायाखाली वाजलं, तेवढंच.
ती म्हणाली, माझी मुलगी. नववीत होती.
मग तिने पाण्याची बाटली पुढे केली
आणि चाफेवाडी येईपर्यंत
आम्ही दोघी फक्त टाचेबद्दल बोललो.

वर, पठारावर, अयाज मुकादमने कागद काढला.
प्रणितचा वर्गमित्र, शेवटच्या बाकावरचा,
वाचताना त्याला चष्मा तीनदा पुसावा लागला.
जमले एक लाख छप्पन्न हजार.
म्हणजे त्यांच्या कॉलेजात समुपदेशक, वर्षभर,
दिवसाचे हजार,
सोमवार, बुधवार, शुक्रवार.
खोलीला दार असेल, दाराला आतून पडदा,
चिठ्ठी नको, ओळखपत्र नको, नुसतं यायचं.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.
मग माझे हात आपोआप थांबले.
ऐरोलीच्या बाईने माझ्याकडे बघितलं,
पण तिला कसं माहीत असणार
तो कुठला वार होता.

बाबांना माहीत होतं.
ते गर्दीतून पुढे आले, पिशवी काखेत,
खाली तळोज्याच्या चिमण्या, अर्धवट टॉवर,
धुक्यात कुठेतरी आमचं साडेबारा टक्क्यांचं घर,
आणि विचारलं,
आनि मंगलवारचं?

अयाजला कळलं नाही.
बाबांनी पुन्हा विचारलं, सावकाश,
कोळणीला भाव विचारावा तसं,
मंगलवारचं किती लागतील?

हजार गुणिले बावन्न. तोंडीसुद्धा जमलं असतं.
पण अयाजने मोबाइल काढला, आकडे दाबले,
चुकले, पुसले, परत दाबले,
आणि आम्ही सगळे उभे राहिलो
उत्तर यायची वाट बघत,
बाबा सगळ्यांत पुढे,
मान जरा कलती,
एक हात सदऱ्याच्या आतल्या खिशात.