बोर्ड रंगवणाऱ्याला विचारलंस म्हणून

कुठं जेवायचं विचारालास ना,
मग बस. सांगतो, पण माझ्या पद्धतीनं.
मला हॉटेलं चवीनं आठवत नाहीत,
अक्षरांनी आठवतात.
'खानावळ'मधला ळ जिथं पोट सुटल्यासारखा दिसेल
तो बोर्ड माझा, एवढं धरून चाल.

शहापुरात, मागांच्या गल्लीच्या तोंडाला,
सातच्या आत गेलास तर पुरी आणि पातळभाजी.
सातनंतर नुसती पातळभाजी.
आठनंतर नुसता मोनाप्पा,
गल्ल्यावर पेपर वाचत,
"उद्या ये की रे."
माझ्या बोर्डाचे पैसे त्यानं दिलेच नाहीत,
दीड वर्ष पुऱ्या दिल्या.
हिशोब अजून फिटला नाही
असं तोही म्हणतो, मीही म्हणतो.

कुंदा पाव्हण्यांना डब्यातला ने.
आपला म्हणजे कढईच्या काठाचा, जरा करपलेला,
उलथन्यानं खरवडून कागदावर देतात तो.
मागावा लागतो. लाज घरी ठेवून जा.

खानापूरच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड,
मटणाच्या रश्श्यानं कानामागं घाम येतो.
तिथं नाव नाही. मी दोनदा विचारलं,
फुकट काढतो म्हटलं.
परशराम म्हणाला, "ज्याला म्हाईत हाय तो येतोय,
ज्याला नाही तो कशाला पायजे?"
असलं गिऱ्हाईक माझ्या धंद्याला परवडत नाही.
तरी महिन्यातनं एकदा जातो,
पाटीशिवाय.

आता खरं सांगू?
बैलहोंगल. स्टँडच्या मागं.
मी एकोणीस वर्षांचा, कडोलीचा,
कानडी माझ्यासाठी वेलबुट्टी होती.
नीलव्वानं चिठ्ठी दिली, मी शिडीवर चढलो,
एकेक वळण बघून बघून भिंतीवर उतरवलं,
वाचता एकही येत नव्हतं.
ऊन डोक्यावर आलं तसं तिनं आत बसवलं.
पापडासारखी मोडणारी कडक भाकरी,
भरली वांगी, शेंगाचटणीवर तेल,
दह्याची वाटी, ताटाच्या कडेला कच्ची मेथी.
बोटांना निळा रंग, म्हणून चिमटीनं खात होतो.
अर्धी भाकरी झाली असेल,
ती पदर खोचून आली, वाकली, म्हणाली,
"ऊट आता?"

मी ऐकलं,
ऊठ आता.

उठलो. काय बोलणार?
जागा गिऱ्हाइकाची असेल, वेळ संपली असेल,
रंगाच्या हातानं कुणी ताट विटाळलं असेल.
हात धुतला, डबा उचलला,
मजुरी न मागता बेळगावच्या गाडीत चढलो.
जिभेवर चटणी नुसती पेटलेली.

गाडी हलणार, तर ती समोरून पळत येतेय,
हातात माझंच ताट.
कंडक्टरला भराभरा काहीतरी सांगितलं,
तो हसायला लागला,
मग मागच्या बाकापर्यंत सगळी गाडी.
"जेवण झालं काय विचाराली ती, मर्दा!
भात आणायचा होता तिला!"
ती मात्र हसली नाही.
ताट पायरीवर ठेवलं, शेजारी पैसे,
आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली.
ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, विडी काढली.
पायरीवर बसून मी भात खाल्ला, ताक प्यालो,
अख्ख्या गाडीसमोर.
त्यानंतर लोकांनी मला हॉटेलात पार्ट्या दिल्या,
फॅमिली रूम, थंड हवा, पडदे,
लेकीच्या लग्नाचं केटरिंगसुद्धा.
कशाच्याच वेळी गाडी थांबली नाही.

पुढं कानडी वाचायला शिकलो
तेव्हा कळलं, 'ऊट'चा ऊ मी ऱ्हस्व काढला होता.
अकरा वर्षं तसाच टांगलेला.
नीलव्वाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.
आता तिथं फ्लेक्स आहे, अक्षरं शुद्ध.
माझा बोर्ड आत जळणावर झाकण म्हणून घातलाय,
बघायला मागितलास तर सून दाखवते.

तू जा. दुपारी एकच्या आत.
वांगं संपलं तर झुणका माग.
अर्ध्या भाकरीला ती येईल, वाकेल, विचारेल.
उठू नकोस.
भात यायचा असतो.